वर्षभर मंडळीत येऊनही पाहुणेच वाटत असेल तर

तुम्ही विचारले आहे की, ख्रिस्तावर विश्वास ठेवल्यापासून गेले वर्षभर आपण सहसा एकही रविवार न चुकवता उपासनेला जात आहात, संदेश मन लावून ऐकता, प्रभुभोजन घेता, तरीही आत जाताना जितके परके असता तितकेच परके बाहेर पडता. तेव्हा उणीव आपल्या विश्वासात आहे की मंडळीत, आणि आता दुसरी मंडळी शोधावी की घरीच प्रार्थना करावी? मी 26 वर्षे पाळक म्हणून सेवा केली आहे. हा प्रश्न ज्यांनी मला विचारला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो मंडळी सोडण्याचे मनात पक्के झाल्यावर विचारला. तुम्ही तो वेळेत विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम विश्वासाची शंका बाजूला ठेवा. मंडळीत एकटे वाटणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. 2010 मध्ये चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील पाहणीच्या आधारे एक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित उपासनेला जाणारे लोक इतरांपेक्षा आयुष्याबाबत अधिक समाधानी असतात, हे आधीपासून ठाऊक होते. या दोघांना त्यामागचे कारण शोधायचे होते. ज्यांचे आपल्या मंडळीत जवळचे मित्र असतात, त्यांच्याच वाट्याला हे समाधान प्रामुख्याने येते, आणि नियमित जाऊनही ज्यांचे तिथे कोणी नसते त्यांना नुसत्या हजेरीने ते लाभत नाही, असे त्यांना आढळले. हे मी वाचले तेव्हा मला माझ्या मंडळीतील शेवटच्या बाकावरची माणसे आठवली. ती वर्षानुवर्षे येत होती, आणि त्यांच्या येण्यालाच मी त्यांचे बरे चालले असल्याचा पुरावा समजत होतो.

आपल्या भाषेत ‘मंडळी’ हा शब्द घरच्यांसाठी आणि ख्रिस्ती समुदायासाठी एकच आहे. ‘घरची मंडळी’ म्हणताना आपण इमारतीचा किंवा कार्यक्रमाचा विचार करत नाही, माणसांचा करतो. उपासनेला जाताना मात्र आपण नकळत कार्यक्रमाला जातो. नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर ‘सहभागिता’ किंवा ‘सहवास’ असे केले जाते, तो ‘कोइनोनिया’ हा शब्द तर याहूनही रोखठोक आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीतले भागीदार होते असे सांगताना याच मूळ शब्दाचे रूप वापरले आहे. जाळी फाटू लागली तेव्हा दुसऱ्या मचव्यातल्या सोबत्यांना खुणेने बोलावण्यात आले, ते आले, आणि दोन्ही मचवे भरले. सहभागितेचे हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. त्या माणसांची जवळीक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसून झालेली नव्हती, ती एकाच जाळ्याला हात लावल्याने झालेली होती. तुमच्या पत्रात वर्षभराचे सगळे वर्णन आहे, पण हात कशाला लागला याचा उल्लेख कुठेच नाही. हा दोषारोप नव्हे. बहुधा कोणी तुमच्या हाती काही दिलेलेच नसेल.

मंडळीचीही चूक असू शकते, आणि ती फार जुनी चूक आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात एकत्र जेवणाऱ्या, आपले सर्वस्व वाटून घेणाऱ्या विश्वासणाऱ्यांचे वर्णन येते, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. सहाव्या अध्यायात त्याच मंडळीत कुरकूर सुरू होते, कारण ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत मागे राहत होत्या. कोणी मुद्दाम त्यांना वगळले असे मजकुरात म्हटलेले नाही. जे आधीपासून एकमेकांना ओळखत होते त्यांना एकमेकांची गरज दिसत होती, आणि ज्यांची भाषा निराळी त्या बायका नजरेतून सुटत होत्या. त्यावर प्रेषितांनी ‘सर्वांनी अधिक प्रेम करावे’ असा संदेश दिला नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला लावले आणि ते काम त्यांच्यावर सोपवले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूचीच माणसे कामावर नेमली गेली असावीत, असे मला ते वाचताना नेहमी वाटते. मंडळीत कोणी नजरेतून सुटत असेल तर सद्भावना पुरत नाही, कोणाचे तरी ते ठरलेले काम असावे लागते.

आता तुमच्या वर्षाचा हिशेब करू. कॅन्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो आणि जिवाभावाच्या मैत्रीला 200 तासांहून अधिक. तुम्ही वर्षात 50 रविवार, प्रत्येकी दीड तास बसलात असे धरले तर 75 तास होतात. पण ते तास सगळ्यांनी समोर तोंड करून, गप्प राहून काढलेले असतात. बोलण्याचा वेळ म्हणजे आशीर्वचनानंतरची दहा मिनिटे, आणि ती वर्षभराची मिळून सव्वाआठ तासांच्या आसपास भरतात. त्यातही दर वेळी वेगळ्या माणसाशी ‘बरे आहात ना’ एवढेच बोलणे झाले असेल. या बेताने मैत्री व्हायला सहा वर्षे लागतील. उपासना देवासाठी आहे, तिने ओळखीपाळखी घडवून आणाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. तिच्याभोवती दुसरे काहीतरी असावे लागते, आणि ते तुमच्या वाट्याला अजून आलेले नाही.

ते दुसरे काहीतरी कसे असते, हे मी एका उदाहरणावरून शिकलो. आमच्या मंडळीत एक वयस्क गृहस्थ दारापाशी गायनपुस्तके देत. प्रत्येकाच्या हाती पुस्तक देताना ते नाव घेत, आणि नवीन माणूस असेल तर नाव विचारून दुसऱ्या रविवारी तेच नाव घेऊन दाखवत. त्यांच्या खिशात एक छोटी वही असे, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. उपासना सुरू झाल्यावर ते मागच्या बाजूला उभे राहून बाकांवरून नजर फिरवत आणि जे आले नाहीत त्यांच्या नावापुढे बारीकशी फुली करत. सोमवारी ते फोन करीत. फोनवर ‘का आला नाहीत’ असे ते कधीही विचारत नसत; ‘काल तुमचे पुस्तक माझ्याकडेच राहिले’ एवढेच म्हणत. त्या एका वाक्यावर लोक आजारपण, नोकरी गेल्याचे दुःख, घरातले भांडण, सारे काही सांगत. मंडळीचा पाळक म्हणून लोक मला ओळखत, पण आपण कोणाच्या तरी मोजदादीत आहोत ही जाणीव लोकांना त्या वहीमुळे होती, असे मला आज स्पष्ट वाटते.

त्याच काळात माझ्याकडून एक चूक झाली. एक बाई सुमारे दीड वर्ष नियमित आल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. मला ते चार महिन्यांनी कळले, तेही दुसऱ्या कोणाकडून. मी भेटायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मी बघत होते, कोणाच्या लक्षात येते का.” पाळक म्हणून ऐकलेल्या शब्दांत इतके जड शब्द मी दुसरे ऐकलेले नाहीत. तुमचा प्रश्न वाचताना मला तेच वाक्य त्यामागे ऐकू आले, आणि म्हणून सांगतो: अशी परीक्षा घेऊ नका. ज्या मंडळीत कोणाकडे वही नाही ती या परीक्षेत नापास होणारच, आणि एकटे पडाल ते तुम्हीच.

त्याऐवजी लहान गट शोधा. ख्रिस्ती इतिहासात आपलेपणाचा प्रश्न ज्यांनी खरोखर सोडवला, त्यांनी तो बहुतेक वेळा दहा-बारा माणसांच्या मापाने सोडवला आहे. 15 फेब्रुवारी 1742 या दिवशी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांची बैठक भरली होती आणि विषय होता सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे एकाने सुचवले. पुष्कळांना तेही परवडणार नाही, अशी हरकत आली. तेव्हा सुचवणारा म्हणाला की, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन. अशा रीतीने बारा-बाराचे गट पडले. पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना मग कोण आजारी आहे, कोणाच्या घरात कलह आहे, कोण व्यसनात परत सापडला आहे हे दिसू लागले, आणि आपल्याला इतके दिवस जे हवे होते ते हेच, असे वेस्लींच्या लक्षात आले. घरोघर जाणे कठीण पडू लागल्यावर बारा जण एका ठिकाणी जमू लागले. मेथडिस्ट चळवळीचा कणा ठरलेली ‘वर्गसभा’ ती हीच. कर्ज फेडण्याच्या कामातून ती जन्माला आली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘चला, आता आपण जवळ येऊ’ असे म्हणून जमलेले गट मी पुष्कळ पाहिले आहेत आणि ते फार टिकलेले पाहिले नाहीत.

तुमच्या मंडळीत घरसभा, बायबल अभ्यासाचा गट, गायकवृंद, तरुण संघ, महिला मंडळ, आजाऱ्यांना भेटायला जाणारे पथक, यांपैकी काही ना काही असेलच. कॅथलिक धर्मग्रामातही प्रार्थना-गट आणि सेवेची मंडळे असतात. यांपैकी एकच निवडा. दोन-तीन ठिकाणी थोडेथोडे जाणारा माणूस सगळीकडे पाहुणाच राहतो. शक्य असेल तर जिथे काम आहे तो गट निवडा, विशेषतः तुम्ही अबोल असाल तर, कारण खुर्च्या लावताना किंवा गायनाचा सराव करताना बोलायला विषय शोधावा लागत नाही. काम लहान असावे, पण ते तुमच्या नावावर असावे, म्हणजे तुम्ही आला नाहीत तर ते अडेल आणि कोणीतरी तुमची चौकशी करील.

गटात आपले मन किती उघडे करावे, हा प्रश्न पुढे येतोच. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे, आणि त्याचा अर्थ पुष्कळ उत्साही गट असा लावतात की पहिल्याच भेटीत सर्वांनी सर्व काही सांगावे. माझा सल्ला निराळा आहे. आधी एखादी छोटी अडचण प्रार्थनेसाठी सांगा आणि पुढे काय होते ते पाहा. पुढच्या भेटीत कोणी तिची आठवण ठेवून विचारले, आणि ती गोष्ट गटाबाहेर गेली नाही, तर त्याहून मोठी गोष्ट सांगायला हरकत नाही. जर्मन पाळक डिट्रिश बोनहोफर यांनी 1935 पासून फिंकेनवाल्डे येथील धर्मशिक्षण संस्थेत तरुण पाळकांना शिकवले. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी राजवटीच्या गुप्त पोलिसांनी, ती संस्था बंद करेपर्यंत ते सर्व एका छताखाली राहत. तिथे त्यांनी एक साधा नियम घातला होता की, कोणाही बांधवाविषयी त्याच्या पश्चात बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर ते त्याला जाऊन सांगायचे. हा नियम पाळणे किती अवघड आहे हे ज्याने एक आठवडा करून पाहिले त्यालाच कळेल. तो जिथे पाळला जातो तिथे माणूस निर्धास्तपणे गैरहजर राहू शकतो.

बोनहोफर यांचीच आणखी एक शिकवण तुम्हाला उपयोगी पडेल. आदर्श सहवासाचे जे स्वप्न आपण मनात घेऊन येतो, त्या स्वप्नावर समोरच्या खऱ्या माणसांपेक्षा अधिक प्रेम करणारा मनुष्य, हेतू कितीही चांगला असला तरी, त्या सहवासाचाच घात करतो, असे त्यांचे म्हणणे होते. तुमच्या गटात कोणी प्रार्थना लांबवणारा असेल, कोणी प्रत्येक विषय आपल्या आजारावर आणणारा असेल, कोणी वर्षभरानंतरही तुमचे नाव चुकवील. हे मंडळी बिघडल्याचे लक्षण नाही, तिथे खरी माणसे आहेत एवढेच ते सांगते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात एका ठिकाणी टिकून राहण्याचे वचन घ्यावे लागते, आणि मला वाटते त्यामागे त्यांचा माणसांचा मोठा अभ्यास होता. कंटाळा आणि चीड यांच्या पलीकडे जे आपलेपण आहे, ते पहिल्या कंटाळ्यालाच उठून जाणाऱ्याला भेटत नाही. गटाला निदान एक वर्ष द्या, आणि ते वर्ष गटात गेल्याच्या दिवसापासून मोजा.

मात्र काही मंडळ्या सोडाव्याच लागतात, आणि तिथे टिकून राहण्याचा उपदेश करणे पाप ठरेल. जिथे पुढाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे देवाला विरोध करणे मानले जाते, जिथे विश्वास न ठेवणाऱ्या घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी संबंध तोडायला सांगितले जाते, जिथे दानार्पण किती दिले यावर मान ठरतो, जिथे विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या संदेशात उदाहरण म्हणून ऐकू येते, तिथे सुरुवातीला आपलेपणाचा अगदी पूर येतो. एकाकी माणसाला तो पूर फार हवाहवासा वाटतो, म्हणून विशेष सावध राहा. परीक्षा सोपी आहे: एखाद्या साध्या गोष्टीला नम्रपणे नाही म्हणून पाहा, आणि त्यानंतर लोकांचे वागणे तसेच राहते का ते पाहा. माणसामाणसांत भेद करणे हेही गंभीर आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायांजवळची जागा देणाऱ्यांना याकोबाने स्पष्ट शब्दांत फटकारले आहे. तुमच्या पत्रावरून तुमची मंडळी अशी दिसत नाही. ती नुसती बेसावध दिसते, आणि बेसावध मंडळी सुधारू शकते.

घरीच प्रार्थना करावी का, असेही तुम्ही विचारले आहे. एकांतातली प्रार्थना कमी दर्जाची नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनेच खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. पण त्या वचनानंतर तीनच वचनांनी तो जी प्रार्थना शिकवतो तिचा आरंभ ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असा आहे, आणि पुढेही भाकर ‘आमची’, अपराध ‘आमचे’. ‘माझा’ हा शब्द तिच्यात एकदाही येत नाही. बंद खोलीत एकट्याने म्हटली तरी ती प्रार्थना मंडळीसकटच म्हणावी लागते. जे आजारपणामुळे किंवा अंतरामुळे खरोखर येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे मंडळीने जायचे असते. तुम्ही येऊ शकता, म्हणून या.

पौलाने इ.स. 57 च्या सुमारास लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय एकदा सावकाश वाचा. संदेशासाठी तो क्वचितच निवडला जातो, कारण त्यात जवळजवळ सगळी नावेच आहेत. फीबी, प्रिस्क आणि अक्विला, त्यांच्या घरी जमणारी मंडळी, आणि रूफसची आई, जी माझीही आई झाली असे पौल म्हणतो. शेवटाकडे एका वचनात नगराचा खजिनदार एरास्त आपला सलाम कळवतो आणि त्याच्या पाठोपाठ क्वर्त. क्वर्त या लॅटिन नावाचा अर्थ नुसता ‘चौथा’ असा आहे. त्याचा हुद्दा दिलेला नाही, काम दिलेले नाही, नव्या करारात तो पुन्हा कुठे भेटत नाही. त्याच्याविषयी एवढेच लिहिले आहे की तो बंधू आहे. मी नवीन माणसाला बाप्तिस्म्यासाठी तयार करताना हे वचन मुद्दाम वाचून घेतो, आणि एकदा एका तरुणाने ते वाचून झाल्यावर बराच वेळ मान वर केली नाही.

तेव्हा येत्या रविवारी उपासनेच्या वीस मिनिटे आधी जा. दारापाशी जो कोणी उभा असेल त्याला आपले नाव सांगा, त्याचे विचारा, आणि दर रविवारी मला करता येईल असे एखादे काम आहे का, असे सरळ विचारा. पाळकांना आठवड्यात भेटून, जे मला लिहिलेत तेच त्यांना सांगा. त्यांना वाईट वाटेल, पण पुढे ते तुमचे आभार मानतील. तुमच्या बाकावर तुमच्यासारखेच एकटे बसणारे कोणी असेल, आणि बहुधा असतेच, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. आणि एखाद्या रविवारी तुम्हाला जमणार नसेल, तर न येता गप्प बसू नका; आदल्या दिवशी एका तरी माणसाला फोन करून ‘उद्या मी येणार नाही’ असे कळवा. असे कळवता येईल असा एक माणूस या महिन्याभरात शोधा, आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा त्या माणसाविषयी लिहा.